एकादशी नसलेलं कॅलेंडर

अक्कांच्या नातसुनेनं हॉलंडहून कॅलेंडर पाठवलं ही बातमी मला आधी दुधवाल्याकडून कळली, मग किराणा दुकानात, आणि सगळ्यात शेवटी खुद्द अक्कांकडून. कोल्हारात बातमी अशीच फिरते, शेजाऱ्याला शेवटी कळते. आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला एका जागी भगदाड आहे. ते बुजवायचं म्हणून दर पावसाळ्यात बोलणं होतं आणि कुणीच बुजवत नाही, कारण विरजण, कढीपत्ता, पेपर आणि तालुक्याच्या भानगडी त्याच वाटेनं जातात-येतात.

“सर, जरा बघा हो हे,” अक्का भगदाडात उभ्या राहून म्हणाल्या. हातात मेथीची जुडी, काखेत कॅलेंडर. “ना एकादशी, ना चतुर्थी, ना अवस. बारा महिने नुसती झाडं न् त्यांची देवळं. आता माणसानं उपास कशावरनं धरायचा?”

“अक्का, तिकडच्या लोकांना एकादशी नसते.”

“त्यांना नसंल. पोरगी तर आपली हाय ना? तिला तिथं कोण सांगणार, आज साबुदाणा भिजव म्हणून?”

मी कॅलेंडर हातात घेतलं. जुलैच्या पानावर एक गाव होतं. नदी, काठाला चार घरं, मागं चर्चचा मनोरा, होडीत दोन माणसं, आणि अलीकडे एक जण काठी टेकून नुसताच उभा. लढाई नाही, राजा नाही, आभाळातून कुणी देवदूत उतरत नाही. खाली बारीक अक्षरात नाव होतं, यान द बेयर. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे माझा तास गणिताच्या सरांनी जन्मभर उसना नेला. असं नाव समोर आलं की मला गप्प बसवत नाही.

“वळखीचा हाय का?” अक्कांनी माझा चेहरा बघून विचारलं.

“ओळखीचाच म्हणायचा. फक्त अडीचशे वर्षांपूर्वीचा.”

“मग सांगा की. मेथी निवडायची हायेच मला.”

त्या पायरीवर बसल्या, मी कुंपणाला टेकलो. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला काही पाप नसतं, आणि इतका जुना गेलेला असला की त्याचे नातेवाईकही भांडायला येत नाहीत.

“बाप फौजेत होता,” मी सुरुवात केली. “म्हणून पोरगा जन्मला स्वित्झर्लंडमध्ये, आराऊ नावाच्या गावी, 1703 साली. वाढला मात्र ऱ्हाईन नदीच्या काठी, एमरिख गावात. तारुण्यात अ‍ॅमस्टरडॅमला गेला आणि कोर्नेलिस प्रोंक नावाच्या मास्तराकडे चित्रकला शिकला. पुढं जन्मभर एकच धंदा केला. गावोगाव हिंडायचं, नदीकाठी बसायचं आणि समोर दिसेल ते गाव काढायचं. चर्च, गढी, वेस, पूल, होडी. जागेवर झटपट काढून घ्यायचं, घरी आल्यावर शाईचे पातळ हात देऊन पक्कं करायचं. चित्राखाली गावाचं नाव, बहुतेक वेळा सालसुद्धा. अशी हजारावर चित्रं केली त्यानं.”

“हजार?” अक्कांचा हात थांबला. “आणि खायचा काय?”

हाच प्रश्न. कलेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं ज्या प्रश्नापाशी फार उशिरा येतात, तिथं अक्का मेथीच्या पहिल्या जुडीतच पोचल्या.

“गिऱ्हाईक होतं, अक्का. त्या देशात त्या काळी पैसेवाल्यांना एक वेड लागलेलं. आपल्या मुलखातल्या गावांची चित्रं गोळा करायची आणि चोपड्यांत लावून ठेवायची. अँड्रिस स्कूमाकर म्हणून एक कापडाचा व्यापारी होता. तो तर या प्रोंकला आणि प्रोंकचा चेला अब्राहम द हान याला बरोबर घेऊन गावं पालथी घालायचा.”

“कापड कोण विकायचं मग?”

“असेल एखादा मुनीम. पुढं 1745 पासून इसाक तिरिओन नावाच्या प्रकाशकानं या मंडळींच्या चित्रांचे ठसे छापून विकायला काढले. ठसे कोरायला हार्लेमचा स्पिलमन. एकेका पानावर छोटी छोटी गावं, अशी शेकडो. कुणीही घ्यावी, घरात बसून देश बघावा.”

“म्हंजे लग्नाचा अल्बम असतो तसा गावांचा अल्बम.”

“तसाच. फक्त यात नवरा-नवरी नाही, सगळं वऱ्हाडच.”

अक्का हसल्या. मग त्यांनी ऑगस्टचं पान उलटलं, सप्टेंबरचं उलटलं. दर पानावर तसलंच एक गाव. ऑक्टोबरात एक म्हातारी गाईला दोरीनं ओढत नेत होती आणि गाय जायला तयार नव्हती.

“ही बरी हाय,” अक्का म्हणाल्या. “आपल्या हौशीगत दिसती.” हौशी ही त्यांची गाय. कसलेल्या समीक्षकालाही इतकं नेमकं बोलणं जमत नाही.

प्रोंकची एक गंमत मला सांगावीशी वाटली. 1734 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं याच गावं काढणाऱ्या प्रोंकला चिनी मातीच्या ताटवाट्यांवरची नक्षी काढायला सांगितली. त्यानं छत्री धरलेली एक बाई आणि तिच्यासमोर पक्षी असं काढून दिलं. कागद हॉलंडचा, माती चीनची, आणि ज्या कंपनीनं हे घडवलं तिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला 1637 पासून होती.

“वेंगुर्ला म्हंजे कोकणात ना?” अक्का म्हणाल्या. “एवढ्या लांबनं आले तर घाट चढून इकडं यायला काय झालं होतं? कोल्हार काढलं असतं एखांदं.”

“कोल्हार कशाला काढतील?”

“का? आपल्याला काय कमी हाय? नदी हाय, देवीचं देऊळ हाय. पौषात यात्रा भरती तेव्हा पाय ठेवायला जागा नसती. ह्या अंगाला कोल्हार बुद्रुक, नदीपल्याड कोल्हार खुर्द. त्यांच्या चित्रात तरी ह्याच्याहून जास्त काय हाय? नदीच हाय न् देऊळच हाय.”

बोलणं बिनतोड होतं. मी म्हटलं, “अक्का, काढणारा माणूस आपल्याकडं नव्हता असं नाही. होता. तोसुद्धा त्याच शतकातला. पुण्याचा तांबट.”

तांबट म्हटल्यावर त्यांनी दुसरी जुडी घेतली.

गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. नावातच धंदा. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे, पुण्यात कसब्याला अजून त्यांची आळी आहे. या गंगारामाचा हात भांड्यांपेक्षा कागदावर जास्त बसायचा. सवाई माधवरावाची गादी, कारभार नाना फडणविसांचा, आणि इंग्रजांचा वकील म्हणून 1786 पासून चार्ल्स मॅलेट पुण्यात येऊन बसलेला. या मॅलेटला सगळ्याची हौस. त्यानं गंगारामाला हाताशी धरलं. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगारामानं 1790 मध्ये काढला, तो गेंडा बघाल तर अंगावरच्या घडीन् घडी मोजता येते. तालमीतले पैलवान काढले. पुढं वेरूळला जाऊन लेण्यांची मोठमोठी चित्रं केली.

“मग 1791 मध्ये मुंबईला आला जेम्स वेल्स,” मी म्हणालो, “स्कॉटलंडचा चित्रकार. मॅलेटनं त्याला पुण्याला बोलावून घेतलं. नाना फडणवीस, महादजी शिंदे, खुद्द सवाई माधवराव, सगळे त्याच्यापुढं चित्रासाठी बसले. आणि शनिवारवाड्यात चक्क चित्रकलेची शाळा निघाली. तिथं वेल्स शिकवायचा आणि आपला गंगाराम शिकायचा.”

“वाड्यात शाळा? पेशव्यांनी जागा दिली?”

“दिली. भाडंही घेतलं नसणार.”

“आता गावकीची खोली बालवाडीला मागितली तर सहा मीटिंगा झाल्या.”

त्या विषयात शिरलो असतो तर मॅलेट आणि गंगाराम दोघेही पुण्यातच राहिले असते. मी घाईनं पुढं गेलो. वेल्सला लेण्यांचं वेड लागलं. साष्टीच्या जंगलात लेणी काढता काढता तापानं फणफणला आणि 1795 च्या नोव्हेंबरात ठाण्याला गेला. सवाई माधवराव त्याच्या आधल्या महिन्यात गेलेले. शाळाही गेलीच. वेल्सच्या मागं मुली. आणि इथून पुढं गोष्ट खरी कुंपणाची होते.

“मॅलेट विलायतेला परत गेला,” मी आवाज उतरवला, कारण अशा गोष्टी मोठ्यानं सांगितल्या तर त्यांची चव जाते. “आणि 1799 मध्ये त्यानं लग्न केलं. कुणाशी?”

“कुणाशी?”

“वेल्सच्याच मुलीशी. सुझॅनाशी.”

“अगं बया! वय काय त्याचं?”

“पन्नाशीच्या आसपास.”

“आणि तवर काय बिनलग्नाचाच?”

“पुण्यात असताना घरी अंबर कौर नावाची बाई होती. तिच्यापासून तीन लेकरं.”

अक्कांनी मेथीच्या काडीचे दोन तुकडे केले आणि ती काडी पाल्यात टाकली की काडीकचऱ्यात, तेसुद्धा बघितलं नाही. “तरीच,” त्या म्हणाल्या. हा ‘तरीच’ कशाला होता ते मी विचारलं नाही. “आणि सुझॅनाबाईला किती?”

“आठ मुलगे.”

“आठी मुलगेच? बाई गं!” सुझॅनाबद्दलचं त्यांचं मत इथं पूर्ण फिरलं, आधीचा राग जाऊन तिथं करुणा आली. “आन् तांबटाचं काय झालं?”

बघा, पुन्हा बरोबर जागी बोट. वेल्सनं केलेल्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं 1803 मध्ये लंडनला जाडजूड चित्रसंग्रह छापला, त्यावर नाव वेल्सचं आणि डॅनियलचं. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह करतो आहे असं भलंमोठं तैलचित्रही वेल्सच्या कच्च्या कागदांवरून डॅनियलनं पुरं केलं. गंगारामाचे कागद मॅलेटबरोबर विलायतेला गेले आणि आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे कसब्यातला तांबट न्यू हेवनला जाऊन बसला.

“नातसुनेला सांगायला पायजे,” अक्का म्हणाल्या, “जवळ आसंल तर बघून यील.”

हॉलंड आणि अमेरिका यांच्यामधला समुद्र मी तूर्त बाजूला ठेवला.

“पण सर, खरं सांगा. हा गंगाराम पुण्याहून वेरूळला गेला तर गोदावरी ओलांडूनच गेला ना? नगर जिल्हा मधी लागतोच. वाटंत एवढी गावं लागली, त्यातलं एक काढू नये? एवढं गेंड्याला बसवून काढलं.”

“गेंडा काढायला मॅलेटनं सांगितलं होतं. लेणी काढायला मॅलेटनं सांगितलं होतं. गाव काढ असं कुणी सांगितलं नाही.”

माझं मत इतकंच आहे आणि ते मी शाळेत बोललो असतो तर कुणी ऐकलं नसतं. आपल्याकडं हात नव्हता ही तक्रार खोटी आहे. या प्रवरेच्या काठी हात पार पुरातन काळापासून आहे. दायमाबादला, इथून फार लांब नाही, 1974 मध्ये काशाचा रथ सापडला, रथात उभा माणूस, जुंपलेले बैल, सगळं हुबेहूब. संगमनेरकडच्या जोर्वे गावच्या नावानं मडक्यांची एक अख्खी जात पुरातत्त्वात ओळखली जाते, लाल अंगावर काळी नक्षी. देव घडवले, राजे रंगवले, वाड्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण काढलं. पण शेजारचं गाव जसंच्या तसं काढून दे म्हणणारं गिऱ्हाईकच उभं राहिलं नाही. डच व्यापाऱ्याला आपल्या पलीकडच्या खेड्याचं चित्र विकत घ्यावंसं वाटलं. आपल्या सावकाराला त्याच खेड्याचं गहाणखत पुरलं.

“गिऱ्हाईक नसलं तरी हौसेनं कुणी काढलंच नाही का?” अक्कांनी विचारलं.

“काढलं. कोल्हापूरला आबालाल रहिमान होता.”

आबालाल मुंबईच्या जे. जे. मधून शिकून आलेला, शाहू महाराजांच्या पदरी होता. दरबारची कामं केलीच, पण त्याचा जीव पाण्याकाठी. पंचगंगेचा घाट, रंकाळा, रंकाळ्यातला संध्यामठ, कोटितीर्थ. त्याच त्या जागा, सकाळच्या, दुपारच्या, कातरवेळच्या. रंगसुद्धा तो घरी घोटायचा. राहायला कोटितीर्थाच्या काठी, फकिरासारखा. द बेयरनं गावामागून गाव काढलं, यानं दोन-चार घाट शंभर वेळा काढले. आता कोण मोठा म्हणाल तर माझं माप आबालालकडं झुकतं. द बेयरचं चित्र बघून ते गाव कुठं होतं ते कळतं, आबालालचं बघून त्या घाटावर त्या वेळी ऊन होतं की ढग आले होते ते कळतं.

“1922 मध्ये शाहू महाराज गेले,” मी म्हणालो, “आणि सांगतात की आबालालनं आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात नेऊन टाकली. बघणाराच गेला, मग ठेवायची कुणासाठी.”

“तळ्यात?”

“तळ्यात.”

“पाण्याकाठी बसून काढलेली, ती पाण्यातच,” अक्का म्हणाल्या. मग एकदम चिडल्या. “येडाच मेला! घरात ठेवली असती तर कुणाच्या नातवानं तरी कॅलेंडर केलं असतं.”

आमच्या घरातून आवाज आला, की भाजीला फोडणी द्यायची आहे आणि कढीपत्ता आणायला गेलेला माणूस कढीपत्त्यासकट बेपत्ता आहे. मी दोन टाळे तोडून खिडकीतून दिले आणि परत भगदाडाशी आलो. तेवढ्यात अक्का कॅलेंडर परत जुलैवर घेऊन बसल्या होत्या.

“ही गावं अजून हायेत का हो?”

“काही आहेत. काही नाहीत. हा स्वतः जिथं वाढला ते एमरिख, 1944 च्या ऑक्टोबरात विमानांनी बॉम्ब टाकले आणि एका दिवसात जवळजवळ अख्खं गाव पडलं. त्या नदीकाठची किती तरी गावं त्या लढाईत गेली. आधी कसं होतं ते बघायचं तर याच्यासारख्यांचे कागद बघायचे.”

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मेथी संपली होती, तरी हात चालूच होता.

“आमचंबी गेलं की,” त्या म्हणाल्या. “बॉम्ब नाय, काय नाय. पाण्यात.”

मला ते माहीत होतं आणि तरी इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. अक्कांचं माहेर गोदाकाठचं, नेवासा-शेवगावकडचं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पाया घातला, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरण सुरू केलं, आणि नाथसागराच्या पाण्यात शंभरावर गावांना उठावं लागलं. मराठवाड्याची तहान भागली, त्यात वाद नाही. अक्का तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. पहिल्या बाळंतपणाला ज्या घरी गेल्या, दुसऱ्याला ते घर पाण्याखाली होतं. माहेर नव्या गावठाणात, पत्र्याच्या खोलीत.

“आणि मजा बघा,” त्या म्हणाल्या, “ही आपली प्रवरा. इथनं जाती ती प्रवरासंगमला गोदावरीत पडती न् तेच पाणी फुगून धरणात जातं. म्हंजे भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की लोकं म्हणत्यात पाणी आलं, पाणी आलं. मी म्हणते, चाललं माझ्या माहेरावर.”

“फोटो नाही का एखादा?”

“लग्नातला हाय. त्यात मी, हे, न् मागं कनात. कनातीमागं गाव हाय.”

मला शासनाच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आठवल्या. एलिमेंटरीला बसलेली पोरं स्मरणचित्राला नेहमी बाजार, पाणवठा किंवा जत्रा काढायची, आणि सगळ्यांचे पाणवठे सारखेच असायचे, कारण ते शिकवणीतून पाठ केलेले. मी तपासताना वैतागून जायचो. डोळे मिटून खरंखुरं एक झाड आठवलं असतं तरी मार्क दिले असते. मी आत गेलो, जुन्या ड्रॉइंग बोर्डाला कागद लावला, पेन्सिल घेतली आणि भगदाडाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलो.

“सांगा,” म्हटलं.

“काय सांगू?”

“गाव. नदीच्या पलीकडे उभं राहिलं तर काय काय दिसायचं ते.”

आधी लाजल्या. मग घाटाच्या पायऱ्या आल्या, वरच्या तीन धड, खालच्या खचलेल्या. मग महादेवाचं देऊळ, कळसाला चुना. पाटलाच्या वाड्याची भिंत, तिला पडलेला पोटासारखा फुगा. धोब्याचा दगड. उतरंडीला लागलेली बाभळ, तिच्यावर सुगरणीची घरटी. घाटावरून वर जाणारी वाट, जी मुळात वाट नव्हती, पावसाच्या पाण्याचा ओहोळ होता, पण आठ महिने वाट म्हणून चालायचा. मी काढत होतो आणि अक्का कुंपणावरून वाकून चुका काढत होत्या. “देऊळ एवढं मोठं नव्हतं. हां, अजून बारीक. मी ल्हान होते म्हणून मोठं वाटायचं.”

“पिंपळ कुठं?”

“घाटाच्या डाव्या अंगाला.”

पिंपळ डावीकडे आला, पार आला. तेवढ्यात त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी गावठाणातल्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी हकीकत ऐकवली, हॉलंडपासून. भाऊ म्हणाला, पिंपळ उजवीकडे. डावीकडे होता तो वड.

“वड कुठला आला मधीच? वडाला बायका वेशीला जायच्या!”

“अगं ती नंतरची गोष्ट. आधी घाटावरच होता. वीज पडली त्याच्यावर, तेव्हा तू सासरी होतीस.”

“मी पुरात त्या पिंपळाला धरून उभी राहिलेली हाय!”

“तू वडाला धरून उभी राहिलेली.”

असं बरंच चाललं. अख्ख्या गावाचं पुनर्वसन झालं तरी हे एक झाड अजून जागेवर बसलेलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. मी खोडरबर घेऊन वाट बघत होतो. शेवटी भाऊ म्हणाला, रविवारी येतो, सरांना म्हणावं थांबा, मी सांगतो तसं काढा. अक्कांनी फोन बंद केला.

“पुसू का?” मी विचारलं.

“कशाला पुसताय? त्याला त्याचं वेगळं काढून द्या. ह्याचे पैसे किती होतील, बोला.”

“अक्का, पैसे कसले…”

“पैसे कसले म्हंजे? मघापासून गिऱ्हाईक नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कोण रडत होतं? आता मी गिऱ्हाईक हाय ना? मग पिंपळ डाव्या अंगालाच. आणि खाली साल टाका, न् त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एकादशीबी लिवा.”